आलेख दाखवा, पण पुरता



मनाम्यातल्या एका हॉटेलात समाजमाध्यमांत काम करणाऱ्यांच्या क्लबची संध्याकाळ होती. मैत्रिणीने ओढून नेलं. समोसे, कार्डांची देवाणघेवाण आणि पडद्यावर आलेख: किती फॉलोअर, किती क्लिक, पोस्ट कुठल्या वारी टाकावी. मी प्रयोगशाळेतली बाई, आलेख दिसला की हात वर जातो. विचारलं, "इथे काय लिहिलं की माणूस आत जातो, ते यात कुठे आहे?" वक्ते गोड हसले. "मॅडम, आपण इथे पॉलिटिक्स आणत नाही."

अशा क्लबांचा मूळपुरुष म्हणजे क्रिस ह्यूअर यांनी २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत काढलेला 'सोशल मीडिया क्लब'. त्याचं ब्रीद साधारण असं, की तुम्हाला कळलं असेल तर ते इतरांना वाटा. बहारीनमध्ये वाटणाऱ्यांचं काय होतं? 'बहारीन ऑनलाइन' चालवणाऱ्या अली अब्दुलइमाम यांना २००५ मध्ये अटक झाली, २०१० मध्ये पुन्हा. आपल्या दैर गावासाठी संकेतस्थळ चालवणारे झकरिया अल-अशिरी एप्रिल २०११ मध्ये कोठडीत मेले. ते छळाने मेले, हे राजाने स्वतः नेमलेल्या बसिऊनी आयोगाने त्याच वर्षी नोंदवलं. नबील रजब यांना जाऊ तुरुंगातला छळ आणि येमेनमधलं युद्ध यांवरच्या ट्वीट्सबद्दल २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

हे पॉलिटिक्स नव्हे, हा त्या धंद्याचा कच्चा माल आहे. गैरसोयीची निरीक्षणं गाळून आलेख काढला तर आमच्या क्षेत्रात त्याला लबाडी म्हणतात.

आता आपल्याबद्दल. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं! आखातातल्या आपल्या दिवाणखान्यांतून तेव्हा केवढा संताप उसळला होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केलं तेव्हा पेढेही वाटले (खरंच वाटले, मी खाल्ले आहेत). आणि खिडकीबाहेर? तिथे आपण पाहुणे, आपल्याला काय त्याचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्याच एका भारतीय डॉक्टरची नोकरी पॅलेस्टाइनविषयीच्या पोस्टवरून गेली. त्याची मतं मला अजिबात पटली नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांनी काय केलं? आपापल्या जुन्या पोस्ट पुसल्या. मीही पुसल्या.

"तुला बोलायला काय जातं, तू आता देश सोडलास," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. व्हिसा कंपनीच्या हातात आणि मुलं शाळेत असताना मीही गप्प होते. म्हणून निदर्शनं करा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण क्लबच्या कार्यक्रमात अर्धा तास तरी कायद्याला द्या. कशावर खटला होतो, दुसऱ्याचं पुढे पाठवलं तर काय होतं, हे सांगा. कंपन्यांना सांगू नका, त्यांच्याकडे वकील असतात. बांधकामावरच्या पोरांना सांगा, हिंदीत, मलयाळममध्ये, बंगालीत. रात्री खोलीवर पडल्या पडल्या गावाकडून आलेला व्हिडिओ ते न बघता पुढे ढकलतात. आपल्या मंडळाच्या गणपतीत यासाठी एक टेबल मांडायला कुणाची परवानगी लागते, ते तिथे असलेल्यांनी मला कळवावं. मजकूर मी लिहून देते.