हजार ल्युमेन आणि चार पावलं

'बॅटरी' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना मोबाईलमधली बॅटरी आठवते. आमच्या निलंग्यात बॅटरी म्हणजे टॉर्च. पुस्तकातली 'विजेरी' मी तरी इथे कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. तेव्हा या लेखात बॅटरी म्हणजे टॉर्चच समजावी, आतल्या सेलला मी सेल म्हणेन.

तर मंडळी, गेले दोन महिने एक वीतभरही लांब नसलेली, चार्जिंगची बॅटरी मी रोज खिशात वागवतोय आणि तिची परीक्षा घेतोय. आमच्या पुण्याच्या दाजींना याचं फार हसू येतं. "मोबाईलला टॉर्च असतो की!" असतो ना. जिन्यात कुलूप शोधायला उत्तम आहे. पण रात्री अकराला रानात मोटार चालू करायला गेलेल्या माणसाच्या एका हातात खोरं असतं, मोबाईल सकाळपासून वापरून दहा टक्क्यांवर आलेला असतो, आणि पाय घसरला किंवा काही चावलं तर १०८ ला फोन त्याच मोबाईलवरून लावायचा असतो. उजेडासाठी तो संपवून टाकणं हा शहाणपणा मला कळत नाही. असो, दाजींचा राग नाही. राग आहे तो डब्यावर छापणाऱ्यांचा.

डब्यावर लिहिलंय '१००० ल्युमेन'. हे आकडे मोजायचं एक मानक आहे, अमेरिकेत २००९ साली ठरलेलं, 'एफएल १' नावाचं. त्यात उजेड मोजतात तो बॅटरी लावल्यावर तीस सेकंदांच्या आसपास. आणि 'किती तास चालते' हे मोजतात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '१००० ल्युमेन, दोन तास' असं छापलेली बॅटरी पहिली दोन मिनिटं हजार आणि नंतर सगळा वेळ अडीचशेनं जळली, तरी कागदोपत्री खोटं काहीच नाही! बोटाएवढ्या नळीत हजार ल्युमेनची उष्णता मावत नाही, म्हणून ती स्वतःहून उजेड उतरवते. ते योग्यच आहे, नाहीतर हात भाजेल. पण मग डब्यावर अडीचशेच लिहा ना राव.

बरं, हे मानक पाळणारे निदान सभ्य तरी म्हणायचे. बाजारात '९९०० एमएएच' लिहिलेले सेल सर्रास मिळतात. १८६५० हे त्या सेलचं नाव म्हणजे त्याचं मापच आहे, अठरा मिलिमीटर जाडी आणि पासष्ट लांबी. एवढ्या नळकांड्यात नावाजलेल्या कंपन्यासुद्धा साडेतीन हजारांच्या आसपासच पोचतात. नऊ हजार नऊशे म्हणजे पायलीच्या मापात पोतं भरल्याची थाप आहे.

माझी परीक्षा अशी. खोली बंद करायची, बॅटरी छताकडे तोंड करून उभी करायची आणि मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप लावून वहीत आकडे लिहायचे. खरे ल्युमेन त्यातून कळत नाहीत, पण उतार कळतो. सगळ्यात मोठ्या उजेडावर तिसऱ्याच मिनिटाला आकडा निम्म्याच्या खाली. मग मधल्या पायरीवर लावून बसलो. तीन तास वीस मिनिटं आकडा जवळजवळ हललाच नाही. मी खूश. आणि एकविसाव्या मिनिटाला, कसलीही सूचना न देता, गुडूप!

इथे मला जुन्या तीन सेलच्या स्टीलच्या बॅटरीची आठवण झाली. तिचा बल्ब आधी पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग नुसता निखाऱ्यासारखा. माणूस समजायचा, आता परत फिरावं. नव्या बॅटरीत सेल फार उतरून खराब होऊ नये म्हणून तोडणारी सोय असते. सेल वाचतो. हरभऱ्याच्या मधोमध उभ्या माणसाचं काय? आधी दोनदा लुकलुकायला लावणं काही अवघड नाही, चांगल्या बॅटऱ्या ते करतात. हिच्यात ते नाही, पण पोलिसांच्या गाडीसारखी फडफडणारी 'स्ट्रोब' मात्र आहे, आणि साधा उजेड हवा असताना दर वेळी तिच्यावरूनच जावं लागतं. कुणाला हवी असते हो ही?

व्हिडिओवाले परीक्षकही याच पंगतीतले. बॅटरी घ्यायची, लांबच्या झाडावर झोत टाकायचा आणि "वा!" म्हणायचं. अंतर दुप्पट गाठायला उजेड चौपट लागतो, त्यामुळे हजारवाली अडीचशेवालीच्या फक्त दुप्पट लांब पोचते, हे कुणी सांगत नाही. आणि लांबचं झाड बघायचंय कुणाला? आपल्याला पुढची चार पावलं दिसायला हवीत. वाळक्या काडात बसलेली घोणस काडाच्याच रंगाची असते. निळसर पांढऱ्या झोतात सगळंच करड्या रंगाचं दिसतं. थोडा पिवळसर, रंग नीट दाखवणारा उजेड असला तर तिच्या पाठीवरची साखळी ओळखू येते. मण्यार तर रात्रीचीच फिरते. २०२० साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतात २००० ते २०१९ या काळात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यांतली.

कुणी म्हणेल, मुळात माणसानं रात्री रानात जावंच का? अगदी बरोबर प्रश्न आहे, फक्त तो शेतकऱ्याला विचारू नका. शेतीची थ्री फेज वीज वर्षानुवर्षं पाळीनं मिळत आली, एका पाळीत दिवसा आठ तास आणि दुसरीत रात्री दहा. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. दिवसा वीज मिळण्यासाठी योजना काढावी लागते यातच सगळं आलं. ज्याच्या फिडरला ती पोचली त्याचं भलं झालं. बाकीच्यांच्या हातात बॅटरी आहे, आणि तिच्या डब्यावर खोटं छापू नये एवढी तरी त्यांची किंमत असावी.

उशाशी बॅटरी ठेवायची सवय मात्र सापामुळे लागलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी शेजारच्या औसा तालुक्यात, पण आमच्या निलंगा तालुक्यातली गावंही पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. जी वाचली त्यांनी अंधारात, आवाजाच्या रोखानं माती उकरली. त्यानंतर कित्येक महिने माणसं पत्र्यात नाहीतर उघड्यावर झोपायची. आमच्याकडे अजून रात्री दारं लावून झाली की कुणीतरी विचारतंच, "बॅटरी कुठंय?"

म्हणून माझी शेवटची परीक्षा होती ती पडून राहण्याची. पूर्ण चार्ज करून महिनाभर हात लावला नाही. ओल्या हातानं, अंधारात, डोळे मिटून बटण दाबलं, लागली. शहाबादी फरशीवर कमरेच्या उंचीवरून तीनदा पडली, एक पोचा आला, पण चालते. पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवली, तेही झालं. वायर मात्र तिच्या डब्यातलीच लागते; दोन्हीकडून सी टाईप असलेली वायर लावली तर चार्जच होत नाही. चार आण्यांचे दोन रेझिस्टर वाचवलेत, दुसरं काय!

दाजी, दिवाळीला येताना विचारत होतात ना, काय आणू? बॅटरीच आणा. स्ट्रोब नसलेली, सेल बदलता येणारी, उजेड थोडा पिवळसर, आणि विझण्याआधी लुकलुकणारी. तीनशे ल्युमेन पुष्कळ झाले. दोन आणा, एक मळ्यात राहील.