चौकटीच्या वरचे पाणी

नोकरीत असताना एल.टी.सी. घेऊन आम्ही जोगचा धबधबा पाहायला गेलो होतो. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा एकच रोल. शरावती २५३ मीटर खाली झेप घेते, हे मुलांना वाटेत ऐकवले होते. महिना एप्रिलचा. समोर काळा कडा आणि त्यावरून ओघळणाऱ्या दोन-चार बारीक धारा! वर लिंगनमक्कीचे धरण आहे, पाणी तिथे अडवून वीज करतात, हे बसच्या कंडक्टरने समजावले. चार फोटो काढून मी रोल वाचवला. धबधब्याचे काय व्हायचे ते वर कुठेतरी ठरते, हे मला तिथे कळले.

दोन वर्षांपासून ही गोष्ट वेगळ्याच कारणाने आठवते. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात वर्षासहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे आपण घरात बसून पाहिली. जिल्हा प्रशासनाने जमावबंदी लावली, सेल्फी आणि रीलवर बडगा उगारला. पुढच्या वर्षी १५ जूनला, पुन्हा रविवारीच, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चार जण दगावले.

मोबाइलला दोष देऊन आपण मोकळे होतो. (दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्यांना २०२३ साली उठाबशा काढायला लावल्या, त्या उठाबशांचेही व्हिडिओ निघाले.) पण फोटो काढणे हा गुन्हा नव्हे. फोटो काय दाखवत नाही, हे पाहिले पाहिजे. शटर सेकंदभर उघडे ठेवले की कोसळते पाणी पिंजलेल्या कापसासारखे मऊ दिसते. प्रत्यक्षात एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. वेगाचे पाणी गुडघ्याएवढे असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलते. आणि वरचे पठार तर चौकटीत येतच नाही. सह्याद्रीच्या कातळात पाणी पटकन मुरत नाही; वर जोराची सर आली की काही मिनिटांत ओढा फुगतो. खाली पोज देणाऱ्याच्या अंगावर त्या वेळी ऊनही असेल.

सेल्फीबंदीच्या फलकाला हे ठाऊक नसते. तो माणसाला कॅमेरा खाली ठेवायला सांगतो, पाण्यातून बाहेर यायला सांगत नाही. शिवाय धरण रेल्वेचे, मागचा डोंगर वनखात्याचा, गाव नगर परिषदेचे, बंदोबस्त पोलिसांचा. संयुक्त खात्यावर चौघांच्या सह्या लागल्या की पैसे निघता निघत नाहीत, हे मी बँकेत पुष्कळ पाहिले आहे.

माझी मागणी लहान आहे. जून ते सप्टेंबर, शनिवार-रविवारी, प्रत्येक गर्दीच्या धबधब्याच्या वर पठारावर दोन माणसे बसवा, गावातलीच, रोजंदारीवर. हातात शिट्टी आणि वॉकीटॉकी. खाली भोंगा आणि आडवा दोर. वर पाणी गढूळले, की खाली भोंगा. खर्च प्रवेश शुल्कातून निघावा. मी स्वतः आनंदाने देईन. नातवंडांना भुशीला न्यायचे कबूल करून बसलो आहे, आणि ती दर रविवारी विचारतात.