रक्ताचे नाते आणि नात्यापलीकडचे रक्त

‘रक्ताचे नाते’ हा शब्द आपण लग्नाच्या बोलणीपासून बांधाच्या भांडणापर्यंत सगळीकडे वापरतो. पण रक्त तयार कोठे होते असे विचारले, तर आपल्यापैकी कितीजणांना उत्तर देता येईल? ते तयार होते हाडांच्या पोकळीतील मऊ गाभ्यात, म्हणजेच अस्थिमज्जेत. या गाभ्यात सदोष पेशी बेसुमार वाढू लागल्या की ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग जडतो.

‘कॅन्सर म्हणजे संपले’ असे आपल्या गावाकडे आजही म्हटले जाते. ते खरे नाही. लहान मुलांतील ल्युकेमिया पुष्कळदा केवळ औषधांनी बरा होतो. काही प्रकार तर रोजच्या गोळीने वर्षानुवर्षे आटोक्यात राहतात. जेथे औषधे पुरी पडत नाहीत, तेथे मज्जारोपणाचा विचार होतो. प्रथम तीव्र औषधांनी रोग्याचा बिघडलेला गाभा नष्ट करतात. मग दात्याच्या मूळ पेशी सलाइनप्रमाणे शिरेतून देतात. त्या आपली वाट शोधत हाडांत जाऊन वसतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त घडवू लागतात. हा उपाय जोखमीचा आहे, खर्च लाखांत जातो आणि तो प्रत्येकाला लागू पडतोच असेही नाही. तरीही कित्येकांसाठी तोच शेवटचा दरवाजा असतो.

आपल्या देशात हा दरवाजा प्रथम मुंबईत उघडला. १९८३ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले मज्जारोपण केले. दाता होता तिचा भाऊ. लहानपणी पोलिओ झाल्याने डॉ. अडवाणी चाकांच्या खुर्चीवरून काम करीत. हे शास्त्र ते अमेरिकेत डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. त्याच थॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु त्या मुलीला भाऊ होता, आणि तो जुळला. खरी अडचण या जुळण्यातच आहे. आपल्या यावल तालुक्यातील माणसाला ती केळीवरून चटकन कळेल. टिश्यूकल्चरची सगळी रोपे एकाच मूळ झाडाची, हुबेहूब सारखी. माणसाचे तसे नाही. आपल्या पेशींवरील ओळखखुणांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझ्या आजीला सात भावंडे होती. आज घरोघरी दोनच मुले. मग उरलेल्यांनी जायचे कोणाकडे? अलीकडे आईबापांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरही रोपण होऊ लागले आहे; तरी पूर्ण जुळणारा परका दाता मिळाला, तर डॉक्टरांपुढे आणखी एक मार्ग खुला होतो. असा दाता शोधण्यासाठी नोंदवह्या आहेत. जगभर ४ कोटींहून अधिक लोकांनी त्यांत नावे नोंदवली आहेत. १४० कोटींच्या आपल्या देशातून मात्र काही लाखांनीच.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ओळखखुणा वंशपरंपरेने येतात, म्हणून जुळणारा दाता आपल्याच मुलखात आणि समाजात सापडण्याचा संभव अधिक. ही कोणत्याही जातीची थोरवी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्ने लावल्याचा तो परिणाम आहे. नोंदवहीत फक्त मोठ्या शहरांतील सुस्थित घरांची मुले असली, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी, कोळी, लेवा, बौद्ध वा मुसलमान रोग्याला तीत आपले माणूस कसे सापडणार? मतदारयादीत नाव असावे म्हणून आपण धडपडतो. मग या यादीत का नको?

अडथळा आहे तो भीतीचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हा विषय घरी काढला तेव्हा माय म्हणाली, “हाडातलं काढतीन त तू उभी कशी राहशीन?” तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, मायेचा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, एवढेच. पुढे कोणाशी जुळलेच तर बहुधा चारपाच दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून, यंत्राद्वारे पेशी वेगळ्या करतात. त्या दिवसांत अंग दुखते, पण दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून गाभा घेतात. पाठीच्या कण्याला हात लावीत नाहीत. ‘पोरीच्या लग्नाला अडचण येईल’ या शंकेला तर कसलाच आधार नाही.

मात्र उत्साहाच्या भरात नाव देणे मला मान्य नाही. रोग्याचा स्वतःचा गाभा नष्ट केल्यानंतर दात्याने नकार दिला, तर तो रोगी मृत्यूच्या दारात उभा राहतो. म्हणून माझी प्राध्यापकांना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे, की रक्तदान शिबिराला जोडून हा उपक्रम घ्यावा, पण दोन टप्प्यांत. पहिल्या दिवशी डॉक्टरांकडून केवळ माहिती आणि शंकांची उत्तरे. मग विद्यार्थ्यांनी घरी बोलावे, आईवडिलांना समजवावे. दोन आठवड्यांनी जे ठाम असतील त्यांचीच नोंदणी व्हावी. शंभर कच्च्या नावांपेक्षा दहा पक्की नावे बरी.

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणी करता येते आणि तरुण दात्याला पहिली पसंती असते. म्हणजे हे काम नेमके आपल्याच वयाचे आहे. आपल्याजवळ देण्यासारखा पैसा नाही, हे खरे. पण ज्याची किंमत पैशात होत नाही असे काहीतरी आपल्या हाडामांसात आहे, आणि ते दिल्याने संपत नाही. घरात पहिल्यांदा पुस्तक आणणाऱ्या आपल्या पिढीने हे ज्ञानही उंबऱ्याच्या आत न्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)