बंदरापर्यंतच मोकळीक

आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीत युरोपच्या व्हिसावर आलेला लेख वाचला. कागदपत्रं नीट जोडली की काम होतं, असा त्याचा सूर होता. मला तो पटला नाही, आणि त्याला कारण माझा एक जुना बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम.

मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली निम्मी फिलिपिनो खलाशांच्या संगतीत. हा बोसन फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. बटाट्याला 'पतातस' म्हणायचा, सोमवारला 'लुनेस', आणि सकाळी मेसमध्ये दिसला की 'कुमुस्ता!'. तिन्ही शब्द स्पॅनिशांनी ठेवून गेलेले. 1565 ते 1898, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षं तिथे स्पेनचं राज्य होतं. देशाचं नावसुद्धा स्पेनच्या फिलिप राजावरून पडलेलं.

जहाज स्पेनच्या अल्जेसिरास किंवा बार्सिलोनाला लागलं की आम्ही दोघं खाली उतरायचो. खलाशाचं ओळखपत्र असेल आणि क्रू लिस्टमध्ये नाव असेल, तर बंदराच्या शहरात आणि लगतच्या गावांत फिरायला व्हिसा लागत नाही. शेंगेन, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाक्षेत्राच्या, सीमानियमांतच तशी सोय आहे. बार्सिलोनाला कोलंबसाच्या खांबाखाली उभा राहून त्याने एकदा बायकोला फोन लावला. निवृत्त झालो की तुला इथे आणतो, असं तिला सांगितल्याचं नंतर मला म्हणाला.

निवृत्त झाल्यावर त्याने खरंच अर्ज केला. कोणत्या देशाकडे केला ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका खिडकीचा नाही. परतीचं आरक्षण, हॉटेलचं बुकिंग, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, लग्नाचा दाखला, सगळं जोडलं. नकार आला. कारणाच्या रकान्यात खूण होती: मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका. सव्वीस वर्षं ज्याने प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर पहिलं विमान पकडून घर गाठलं, त्याच्याबद्दल ही शंका! डेकवर रंगाचा ब्रश घेऊन उभा होता तेव्हा तो शंभरदा युरोपात उतरला आणि शंभरदा परत चढला. बायकोचा हात धरून येतो म्हणाला, तर संशयित.

शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून माणशी 90 युरो आहे, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. फिलिपिनो पेसोमध्ये ही रक्कम सहा हजारांच्या आसपास जाते. मनिलातली दिवसाची किमान मजुरी 2025 मध्ये 695 पेसो होती, म्हणजे साडेआठ-नऊ दिवसांची कमाई नुसती 'नाही' ऐकण्यासाठी. सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. स्पेनला जायचं तर दर दिवसामागे तिथल्या मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के रक्कम दाखवावी लागते. दहा दिवस फिरायचं, तर स्पॅनिश कामगाराचा अख्ख्या महिन्याचा किमान पगार खात्यात हवा. म्हणून तर फिलिपिनो लोकांत 'शो मनी' हा शब्द रुळलाय: नातेवाइकांकडून उसने घेतलेले, खात्यात दिसण्यापुरते ठेवलेले पैसे. वकिलातींना खोट्या कागदांचा ताप होतो हे मी नाकारत नाही. पण असा नियम केला की असे पैसे उगवणारच.

स्पेनचंच नाव मुद्दाम घेतो, कारण तिथली विसंगती कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहे. स्पेनच्या नागरी संहितेच्या 22व्या कलमानुसार परक्या माणसाला नागरिकत्वासाठी साधारण दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. फिलिपिनो माणसाला दोनच वर्षं पुरतात, लॅटिन अमेरिकेतल्या देशांच्या नागरिकांसारखी. म्हणजे दोन वर्षांत तो स्पॅनिश होऊ शकतो, पण दहा दिवसांचा पाहुणा व्हायचं तर आधी परत जाईन हे सिद्ध करा! मेक्सिको, पेरू, कोलंबिया यांना नव्वद दिवस व्हिसा लागत नाही. त्याच साम्राज्यातल्या मनिलाला लागतो. माद्रिदमध्ये फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिसाल याचं स्मारक आहे, मेट्रोच्या एका स्थानकाला फिलिपिन्स बेटांचं नाव आहे, दरवर्षी 30 जूनला फिलिपिन्स-स्पेन मैत्रीदिन होतो. (याच रिसालला 1896 साली स्पॅनिशांनी मनिलात गोळ्या घातल्या, पण ते असो.)

कोणी म्हणेल, व्हिसामाफीची यादी ब्रुसेल्समध्ये सगळ्यांची मिळून ठरते, एकटा स्पेन काय करणार? यादी नाही बदलता येणार, खरं आहे. पण अनेक वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा देणं ज्या त्या वकिलातीच्या हातात असतं. आणि पोर्तुगालने गोव्याबाबत काय केलं ते आपण पाहतोच. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या नातवंडांपर्यंत सगळ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पासपोर्ट मिळवता येतो. तेरेखोल नदीच्या अलीकडचा सावंतवाडीकर मात्र मुंबईला व्हिसाच्या रांगेत. जुन्या राज्याचं नातं मोजायचं म्हटलं की युरोपला ते मोजता येतं.

दुसऱ्या बाजूने पाहा. स्पॅनिश माणूस मनिलाला उतरला की तीस दिवस बिनव्हिसा राहतो. युरोपीय संघ आपल्या सदस्यांच्या व्हिसामाफीसाठी अमेरिकेशी परस्परतेच्या तत्त्वावरून वर्षानुवर्षं भांडला. फिलिपिन्सने तेच तत्त्व पुढे केलं तर? करणार नाहीत, पर्यटक हवेत.

पण गरज युरोपलाही असते. मार्च 2023 मध्ये युरोपीय आयोगाने फिलिपिनो खलाशांची प्रमाणपत्रं पुढेही मान्य करायचं ठरवलं. युरोपच्या झेंड्याखालच्या जहाजांवर त्यांचे सुमारे पन्नास हजार कप्तान आणि अधिकारी होते. निर्णय उलटा झाला असता तर बरीच जहाजं अडली असती. तेव्हा कागद बारकाईने वाचायला वेळ होता. मग बोसनचं खलाशी-पुस्तक उघडून त्यातले शिक्के वाचायला काय हरकत होती? माझी मागणी एवढीच आहे: ज्याने युरोपच्या बंदरांत वीस-वीस वर्षं चोख ये-जा केली, त्याची ती ये-जा प्रवासाचा इतिहास म्हणून धरा, आणि नकार द्यायचाच तर छापील रकान्यात खूण करण्याऐवजी कशावरून शंका आली ते दोन ओळींत लिहा. रकमेचा निकषही अर्जदाराच्या देशातल्या कमाईकडे बघून ठरवा.

भारताने ऑगस्ट 2025 पासून वर्षभरासाठी फिलिपिनो पर्यटकांना ई-व्हिसा मोफत केला, हे वाचून मी बोसनला लगेच कळवलं. दोघं जानेवारीत रत्नागिरीला येताहेत. फॉर्म त्याच्या बायकोने घरी बसून भरला.

— एक निवृत्त सागरी अभियंता, रत्नागिरी