अर्धा जिंकलेला दावा आणि अपिलाची मुदत

मुद्दल मंजूर होते, व्याज नाकारले जाते. जमिनीचा ताबा मिळतो, नुकसानभरपाई मिळत नाही. असा अंशतः मान्य झालेला दावा हाती आला की पक्षकार बहुधा ‘मिळाले ते पुष्कळ’ म्हणून स्वस्थ बसतो. खरी अडचण तेथूनच सुरू होते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 96 नुसार होणारे पहिले अपील संपूर्ण हुकूमनाम्यावरच असावे, असे बंधन नाही. नाकारलेल्या भागापुरतेही ते दाखल करता येते. मुदत अधिनियम, 1963 प्रमाणे त्यासाठी उच्च न्यायालयात 90, तर जिल्हा न्यायालयात 30 दिवस मिळतात; प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जातो. मात्र केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते.

मुदत उलटल्यानंतर प्रतिपक्षाचेच अपील येऊन धडकले, तर आदेश 41 चा नियम 22 स्वस्थ बसलेल्या पक्षकारास दुसरी संधी देतो. सुनावणीच्या तारखेची नोटीस बजावल्यापासून एक महिन्यात त्याला प्रतिआक्षेप दाखल करता येतो. न्यायालय ही मुदत वाढवूही शकते. मूळ अपील मागे घेतले गेले किंवा गैरहजेरीमुळे फेटाळले गेले, तरी प्रतिआक्षेपावर सुनावणी होऊ शकते. हुकूमनामा पूर्णपणे बाजूने असून एखादाच निष्कर्ष विरुद्ध गेला असेल, तर तो प्रतिआक्षेपाविनाही युक्तिवादात खोडता येतो. हुकूमनाम्यातच बदल हवा असेल, तर मात्र ही सवलत नाही.

हा भेद किती महाग पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 मधील ‘बनारसी विरुद्ध राम फल’ निकालातून दिसते. कराराच्या पूर्ततेसाठी दावा लावणाऱ्यास कनिष्ठ न्यायालयाने प्रामुख्याने रक्कम परतीचा हुकूमनामा दिला होता. त्याने ना अपील केले, ना प्रतिआक्षेप घेतला. प्रतिपक्षाच्या अपिलात त्याला थेट करारपूर्ती मंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नियम 33 मधील अधिकार व्यापक असले, तरी ते अशा उणिवेवर पांघरूण घालण्यासाठी नाहीत, असा त्याचा आशय.

वाटपाच्या दाव्यात तर सापळा आणखी खोल आहे. हिस्से ठरविणाऱ्या प्राथमिक हुकूमनाम्यावर वेळीच अपील झाले नाही, तर कलम 97 नुसार अंतिम हुकूमनाम्यावरील अपिलात त्या हिश्शांच्या अचूकतेबद्दल तक्रार करता येत नाही; तोवर मोजणी होऊन बांधही पडलेले असू शकतात.