कोंडवाडा आणि गायरान

पीक उभे असलेल्या रानात मेंढरे शिरली की शेतकऱ्याचा संताप रास्तच. त्याच्या हाती १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा आहे: नुकसान करणारी जनावरे पकडा, चोवीस तासांत कोंडवाड्यात धाडा, मालकाने दंड भरून सोडवून न्यावीत. या कायद्याच्या लेखी ‘गुरे’ म्हणजे मेंढ्या-शेळ्याच नव्हेत, हत्ती आणि उंटसुद्धा! पण आज किती गावांत कोंडवाडा शाबूत आहे? मग वाद पंचनाम्याऐवजी काठ्यांनी मिटवला जातो.

दुसरी बाजू धनगरांची. दिवाळीनंतर माणदेशातून घोड्यावर बिऱ्हाड लादून ते कोकणाकडे निघतात. भात निघालेल्या खाचरांत शेतकरीच त्यांना कळप बसवायला बोलावतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख देतो. हा व्यवहार तोंडी. धसकटे जाळून लगेच दुसरे पीक घेतले की तो मोडतो, आणि कालचा पाहुणा आज अतिक्रमक ठरतो.

जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच जगपाल सिंग खटल्यात दिले. तरी गायरानांवर घरे, गोदामे, सरकारी प्रकल्प उभे राहतच आहेत. मेंढपाळाला फक्त दंडाची पावती दाखवणारे सरकार चराईची जागा दाखवत नाही. तहसीलदारांनी उरलेल्या गायरानांची मोजणी करून हद्दी कायम कराव्यात, आणि मेंढरे निघण्यापूर्वी मार्गावरील ग्रामपंचायतींनी मुक्कामाच्या जागा जाहीर कराव्यात.