सार्वजनिक म्हणजे कोणाचें ?

गांवांत सोयी नाहींत, सरकार लक्ष देत नाहीं, ही ओरड आम्ही रोज ऐकतों. ती पुष्कळशी खरीहि आहे. परंतु सोय आल्यावर ती गांवाच्या कोणत्या अंगास उभी राहते, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज स्मशानाच्या छपरापुरतेंच बोलूं.

सरणावर पत्रा असणें ही चैन नव्हे. आषाढ-श्रावणांत झड लागली कीं लांकडें पेटत नाहींत; डिझेल, टायर, हातीं लागेल तें घालून लोक आपल्या मायबापांस कसेंबसें जाळतात. छप्पर, ओटा, पाण्याची टांकी आणि तेथवर जाणारी वाट, एवढीच मागणी. त्यासाठीं महाराष्ट्रांत जनसुविधेच्या अनुदानाची तरतूदहि झालेली आहे.

मग अडतें कोठें ? पुष्कळ गांवांत जातवार स्मशानें निराळीं आहेत. छप्पर एकच मंजूर होतें आणि तें मोठ्या भावकीच्या स्मशानांत बसतें. गेल्या श्रावणांत आमच्या वर्गांतील एका मुलीच्या आजीचें सरण ओढ्याकाठीं तीनदां विझलें. हाकेच्या अंतरावर सरकारी पत्र्याखालचा ओटा कोरडा ठणठणीत होता. पंचायतीच्या दप्तरीं मात्र 'गांवास दहनभूमि बांधली' अशी नोंद आहे. विचारल्यास उत्तर मिळतें, "तुम्हांला अडविलें कोणी ?" जणूं अडविण्यास काठी घेऊनच उभें राहावें लागतें ! शाळेंत आम्ही 'सार्वजनिक' म्हणजे 'सर्वांचें' असा अर्थ सांगतों. त्या मुलीस तो कोणत्या तोंडानें सांगावा ?

हा युक्तिवाद जुनाच आहे. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत पास झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या, असा तो ठराव. १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनेंहि तळें खुलें केल्याचें लिहून ठेविलें. तरी त्या पाण्यास हात लागावयास १९२७ चा मार्च उजाडला, आणि हात लावणारांस मार खावा लागला. कागदाचें मोल बोल्यांनीं आधींच ओळखलें होतें. म्हणून १९२६ सालीं त्यांनीं दुसरा ठराव आणला कीं, ज्या संस्था हें मानणार नाहींत त्यांची ग्रँट बंद करावी. आमच्या मतें आज हा दुसराच अधिक कामाचा आहे.

पूर्वीं भटजी-कुळकर्ण्यांकडे बोट दाखवितां येत असे. आतां पंचायतींत बहुतेक आपलेच बहुजन बंधु बसलेले आहेत. जोतीरावांनीं १८६८ सालीं स्वतःच्या घरचा हौद खुला केला. येथें छप्पर सरकारी, जमीन सरकारी, तरी आमचा हात आखडतो. जयंतीचा ताशा मात्र जोरांत वाजतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक स्मशानास एकेक छप्पर द्या, तंटा मिटला. कांहीं ठिकाणीं तूर्त तसें करावें लागेल, कारण पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. पण त्यानें सरकारी पैशानें जातीचें कुंपणच पक्कें होईल. त्यापेक्षां ग्रामसभेनें असा ठराव करावा कीं, आहे त्या छपराखालीं गांवांतील कोणाहि घरचें प्रेत जाळतां येईल. तो फाटकावर रंगवावा, आणि ओढ्याकाठचें पहिलें प्रेत तेथें येईल त्या दिवशीं सरपंचानें स्वतः पुढें चालावें. जी पंचायत हें करणार नाहीं तिचा कमानीचा व सभामंडपाचा निधि रोखावा. पाण्याचा रोखूं नये. त्यानें शेवटच्या घराचेच हाल होतील. १ मे ची ग्रामसभा पावसाच्या आधीं येते. विषय तेथेंच निघावा.